बाबा ‘छान, छान’ का म्हणाले?

प्रिय ताई,

मी 36 वर्षांची. सासर डोंबिवलीला, माहेर नाशिकला, सिडकोत. बाबा 31 वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. आठ वर्षांपूर्वी रिटायर झाले. लहानपणी मी त्यांच्याशीच जास्त बोलायचे. आता फोन केला की ते ‘हं, बोल’ म्हणतात आणि माझी दोन वाक्यं झाली की ‘थांब, आईला देतो’.

गेल्या जुलैत माझी नोकरी गेली. बारा वर्षं एका ठिकाणी काढली आणि एका दुपारी बोलावून सांगितलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी पहिला फोन बाबांना केला, नवऱ्यालाही नंतर. रडत रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘हो का? छान, छान. थांब, आईला देतो.’ दोन दिवसांनी माझ्या खात्यावर त्यांनी 20,000 रुपये पाठवले. ना फोन, ना मेसेज. मला तो अपमान वाटला. मी पैसे तसेच परत पाठवले.

दिवाळीत माहेरी गेले. काका, भाऊ, वहिनी सगळे होते. बाबा टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या काकूंनीही मला सुनावलं. जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली, ‘सकाळी कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, हे शेजारी बसून पेपर वाचतायत.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्यांना आपल्यापैकी कुणाशी देणंघेणंच उरलेलं नाही.’ अगदी त्यांच्यासमोर, मोठ्याने. बाबा ताटातला भात तसाच ठेवून गच्चीवर गेले.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला स्कूटरवरून नाशिकरोडला सोडलं. मी पंचवटी एक्सप्रेसच्या एसी डब्यात बसले. ते खिडकीपाशी उभे राहून काहीतरी म्हणाले. काच बंद, मला काही ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली आणि गाडी सुटली.

हल्ली ते त्रिमूर्ती चौकातल्या कट्ट्यावरही जात नाहीत. ‘तिथं नुसतं राजकारण चालतं’ म्हणतात. ताई, माझं बाबांवर फार प्रेम आहे. त्यांचं माझ्यावर उरलंय का? माफी मागायची तर कशी, आणि दर वेळी मीच का?

– सिडकोची लेक

लेकी,

तुला एकेरीतच लिहिते. तुझं पत्र तीन दिवस माझ्या टेबलावर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या जिन्यातल्या फोनपाशी डोळे भरले. दुसऱ्यांदा वाचताना मी कुकरपाशी अडले. आठ शिट्ट्या, आणि माणूस शेजारी बसलेला. मग टीव्हीपाशी अडले. मग कट्ट्यापाशी. तुझ्या बाबांना ऐकू कमी येतंय गं.

मी डॉक्टर नाही आणि तपासणीशिवाय खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण लेक रडत रडत नोकरी गेल्याचं सांगतेय आणि बाप ‘छान, छान’ म्हणतोय, तर एक तर तो बाप दगड असला पाहिजे, नाही तर ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसलं पाहिजे. दगड असता, तर त्या दुपारी तुझं बोट आपोआप त्याच्या नंबरावर गेलं नसतं.

सातपूर-अंबडच्या घराघरांत ही गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस पत्र्यावर आपटते आणि एका ठोक्यात भाग कापून निघतो. तो ठोका कानाआधी छातीत बसतो. अशा दहा-बारा मशीन एकाच शेडमध्ये चालतात. माणसं तिथे हातवाऱ्यांनी बोलतात. आठ तासांच्या पाळीत सतत 85 डेसिबलच्या वर आवाज असला की कानाला धोका सुरू होतो आणि प्रेस शॉपमध्ये तो 100 च्या आसपास सहज जातो. त्यातही दर 3 डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, त्यामुळे 85 आणि 100 मधला फरक कागदावर दिसतो तेवढा लहान नाही. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात आणि आवाज त्या पकडतात. वर्षानुवर्षांच्या दणक्याने त्या मरतात आणि मेल्या की परत उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही. माणूस सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी घरी येतो. 31 वर्षांत काय गेलं ते रिटायर झाल्यावर हळूहळू कळतं, आणि उरलेलं काम वय करतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आधी जातात ते बारीक, उंच आवाज. कुकरची शिट्टी जाते, दारावरची बेल जाते, लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज विरळ होतात. शब्दांतले स, श, च, ट, फ पुसट होतात आणि आ, ओ, ऊ तेवढे राहतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाही. म्हणूनच घरातले म्हणतात, ‘त्यांना हवं तेवढंच बरोबर ऐकू येतं.’ हे वाक्य मीही म्हटलंय. माझ्या वडिलांबद्दल.

त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग. औषध फवारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर दादा स्वतः चालवायचे. छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून दिवस दिवस ते त्या यंत्राच्या पुढ्यात बसलेले असत. साठीनंतर त्यांची उत्तरं तिरपागडी यायला लागली. मी विचारायचे, ‘दादा, सून आली का?’ ते म्हणायचे, ‘हो ना, ऊन फार आहे आज.’ आम्ही सगळे हसायचो. घरात तो किस्साच झाला होता, पाहुण्यांना रंगवून सांगायचा. दादाही आमच्याबरोबर हसायचे. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला घेऊन कानाच्या तपासणीला गेले होते, तेव्हा तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी स कसा आधी जातो ते मला समजावलं. ‘सून’मधला स काढला की ‘ऊन’ उरतं. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. दादांनी अर्धवट ऐकलेल्यातून आम्हाला दर वेळी उत्तर जुळवून दिलं होतं आणि आम्ही त्याला हसत होतो.

म्हणून तुझ्या जिन्याकडे पुन्हा जाऊ. जिन्यात आवाज घुमतो. तू रडत होतीस. फोनवर ओठ दिसत नाहीत, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो बरंचसं बोलणं ओठांवरूनच वाचत असतो. त्या सगळ्या गोंगाटातून बाबांना कदाचित ‘नोकरी’ एवढा एकच शब्द कळला असेल. लेक भर दुपारी ऑफिसातून फोन करून नोकरीबद्दल काही सांगतेय, तर बढतीच झाली असणार! म्हणून ‘छान, छान’. मग पुढचं काही कळेना, तेव्हा ‘आईला देतो’.

आणि मग संध्याकाळी आईने खरं काय ते सांगितलं असेल. लेकीची नोकरी गेली आणि आपण तिला छान म्हणालो, हे कळल्यावर त्या माणसाला रात्री झोप लागली असेल का? परत फोन करायचा तर परत तेच, ऐकू येणार नाही, परत काहीतरी भलतं तोंडून निघेल. तेव्हा त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. कारखान्यातून रिटायर झालेल्यांना ईपीएसची, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतली पेन्शन किती मिळते, तुला ठाऊक आहे. किमान 1000 रुपये, 2014 पासून. बहुतेकांच्या हाती येते ती थोडकीच. त्या माणसाने 20,000 पाठवले, म्हणजे कुठलीतरी ठेव मोडली असेल असा माझा अंदाज. तू ते परत पाठवलेस. तुला दोष देत नाही, तुला माहीतच नव्हतं. पण ते पैसे परत येऊन पडलेले बघताना त्यांना काय वाटलं असेल याचा विचार एकदा कर.

आता पंचवटीची खिडकी. बाबा काहीतरी म्हणाले, तुला ऐकू आलं नाही आणि तू मान हलवलीस. का हलवलीस? वाईट वाटू नये म्हणून, गाडी सुटत होती म्हणून, ‘काय म्हणालात?’ असं काचेतून ओरडणं बरं दिसत नाही म्हणून. तुझे बाबा गेली कित्येक वर्षं त्या काचेच्या अलीकडे बसलेत गं. कट्ट्यावर सहा जण एकदम बोलायला लागले की त्यांना नुसता कालवा ऐकू येतो. किती वेळा ‘काय?’ विचारायचं? तिसऱ्यांदा विचारलं की लोक ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणतात. ते ‘काही नाही’ फार लागतं. मग माणूस राजकारणाचं निमित्त काढतो आणि घरी बसतो.

हे सगळं वाचून तुझा राग एकदम विरघळावा, असं मात्र मी म्हणणार नाही. तुझं दुःख खरं आहे. आयुष्यातल्या एका वाईट दुपारी तुला बाबा हवे होते आणि ते मिळाले नाहीत, कारण काहीही असो. आणि त्यांचीही चूक आहेच. ‘मला नीट ऐकू येत नाही’ हे पाच शब्द त्यांनी लेकीला सांगायला हवे होते. आपल्याकडे चष्मा लागला की माणूस चारचौघांत मिरवतो, पण कानाला मशीन म्हटलं की म्हातारपणाचा शिक्का बसल्यासारखं तोंड करतो. बहिरा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मग कोण कबूल करेल?

बाप म्हणजे फणस, बाप म्हणजे नारळ, वरून कठीण आतून गोड, असं काहीतरी दर फादर्स डेला फोनवर येतं. मला ते आता वाचवत नाही. त्या उपमेच्या आड किती बाप गप्प बसवले गेले! बापाने बोलायचंच नसतं असं एकदा ठरवलं की तो का बोलत नाही, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तू स्वतःच लिहिलंयस की लहानपणी तू त्यांच्याशीच जास्त बोलायचीस. मग तो बोलका माणूस कुठे गेला, हा प्रश्न आई, भाऊ, तू, कुणीच विचारला नाहीत. भावालाही हे सांग, तो तिथेच राहत असेल तर आधी त्याला सांग.

पण सगळ्यात आधी आईला विचार. फोनवर सरळ विचार, ‘बाबांना ऐकू कमी येतं का गं?’ आणि ती उत्तर द्यायला किती वेळ घेते ते बघ. तिला माहीत असणार. बाबांचे फोन, बँकेतला माणूस, डॉक्टर, गॅसवाला, सगळ्यांशी तीच बोलते. त्यांची बाजू सांभाळता सांभाळता ती दमलीय, आणि कुकरवरून झालेली ती चिडचिड त्या दमण्याचीच आहे.

मग नाशिकला ये, एकटी. शनिवार-रविवार काढ. बाबांना घेऊन मिसळ खायला जाऊ नकोस. मला माहीत आहे, आपल्या नाशकात रविवारी सकाळी बाप-लेकीने जायचं ठिकाण तेच. पण तिथल्या ताटल्यांच्या आवाजात आणि गर्दीत त्यांना एक शब्द कळणार नाही. परत ते मान हलवतील आणि परत तुला वाटेल, लक्ष नाही. सिडकोतून पांडवलेणी किती जवळ आहेत. सकाळी ऊन चढायच्या आत जा. त्यांचे गुडघे बरे असतील तर पायऱ्या हळूहळू चढा, नसतील तर खाली झाडांत बसा. लेण्याच्या आत बसून मात्र बोलू नका, तिथे आवाज घुमतो आणि त्यांना काही लागणार नाही. बाहेर, उजेडात बस, आणि त्यांच्या समोर बस, शेजारी नको. उजेड तुझ्या तोंडावर पडू दे. ओरडू नकोस. ओरडलं की शब्द फाटतो, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो, आणि दिवाळीत त्यांनी तुझा तोच चेहरा पाहिलाय. थोडं सावकाश बोल. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांग.

तिथे जाणारच असशील तर तीन क्रमांकाच्या लेण्यात एकदा डोकावून ये. तिथल्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. मुलाच्या पराक्रमाचं, त्याच्या चांगुलपणाचं भरभरून कौतुक तिने दगडात कोरवून घेतलंय, ते केव्हा, तर नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षी. म्हणजे मुलगा गेल्यावर. मी तो लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादांना जाऊन सहा महिने झाले होते. त्या अक्षरांपुढे उभी राहून मला एवढंच वाटत होतं की हे त्याने ऐकलं असतं तर.

माफी कशी मागायची, विचारतेस. ‘बाबा, दिवाळीत मी बोलले ते चुकलं.’ एवढंच. पुढे ‘पण तुम्ही पण…’ जोडू नकोस. आणि त्यानंतर जुलैतली ती गोष्ट त्यांना पहिल्यापासून सांग. ऑफिसात कुणी बोलावलं, काय म्हणाले, तू जिन्यात कशी उभी होतीस. त्यांना ते आईकडून कळलंय, तुझ्याकडून अजून कळलेलं नाही. सांगताना रडू आलं तर येऊ दे, या वेळी ते बघत असतील. मग पैशांचं. परत पाठवलेस त्याबद्दलही बोल. त्यांनी पुन्हा देऊ केले तर घे.

‘मीच का?’ याचं उत्तर माझ्याकडे फार मोठं नाही. पहिलं वाक्य तुला उच्चारता येतं आणि तुला ऐकूही येतं. त्यांना आत्ता दोन्ही जड जातंय.

कानाचं त्याच दिवशी काढू नकोस. दुसऱ्या दिवशी काढ, आणि ‘बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘मला तुमच्याशी फोनवर बोलायचंय, म्हणून एकदा दाखवून येऊ’ म्हण. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, सिव्हिलला गेलात तरी चालेल. डॉक्टर आधी कानात मळ साठलाय का ते बघतील. कधी कधी तेवढंच निघतं आणि माणूस हसत घरी येतो. नाही तर ऑडिओमेट्री करतील. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की हात वर करायचा. दुखत-खुपत नाही. मशीन घ्यायचं ठरलं तर घाईने घेऊ नका. किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असतात आणि महागातलं म्हणजे त्यांच्या कानाला चांगलंच असं काही नाही. आधी लावून बघू द्या, असं सांगा.

आणि मशीन आल्यावर खरी कसोटी सुरू होते. पहिले काही आठवडे त्यांना पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचं चावणं, सगळं अंगावर येईल. दादांचं मशीन आठ दिवसांत लोखंडी कपाटात गेलं, आमच्या लग्नाच्या अल्बमखाली, आणि आम्ही म्हटलं, जाऊ दे, त्यांना नको आहे. कुणीतरी रोज तासभर शेजारी बसून त्यांच्याशी बोलायला हवं होतं. सुरुवातीला दिवसातून एक-दोन तास, शांत घरात, मग वाढवत न्यायचं. ते काम तू डोंबिवलीहून करू शकतेस. रोज संध्याकाळी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, तोंड दिसेल असा. तुझ्या नव्या मुलाखतींचं सांग, भाजी काय केलीस ते सांग.

माझा अंदाज चुकला, कान ठणठणीत निघाले, तरी पांडवलेण्यावरची ती सकाळ वाया जाणार नाही. मग मात्र त्यांना तिथेच विचार, गच्चीवर जाऊन काय केलंत बाबा त्या दिवशी? आणि खिडकीतून काय म्हणालात, तेही विचार. मला नक्की कळव.

नाशिकला यायचं तिकीट काढलंस की एक कर. दर वेळी बाबा तुला घ्यायला येतात, तेव्हा डबा नंबर तू आईला फोन करून सांगत असशील आणि आई त्यांना सांगत असेल. या वेळी बाबांनाच मेसेज कर. तुझा डबा जिथे थांबतो तिथे ते आधीच येऊन उभे असतील.

– ताई